करामत डॉक्टरांचा मराठीचा पेपर

करामत डॉक्टर मराठीच्या परीक्षेत नापास झाले, तेव्हा परभणीच्या बाजारात आठ दिवस दुसरा विषय नव्हता. लोकांना हसू येत होतं. ज्या माणसानं वीस वर्षं आपल्याला मराठीत दुखणं विचारलं, मराठीत दरडावून पथ्य पाळायला लावलं, त्याला मराठी येत नाही असं सरकार म्हणतं, म्हणजे गंमतच की. मला हसू आलं नाही. एक तर त्यांना शिकवणारा मी होतो. दुसरं, नापास होण्याचा अर्थ काय, ते दवाखान्यात आम्हा दोघांनाच नीट माहीत होतं. आणखी एकदा नापास झाले तर त्यांची नोकरी संपणार होती, आणि नोकरी संपली की परभणी संपणार होती.

मी आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. हे मी आजही सांगतो आणि सांगताना लाजत नाही. पोखर्णीच्या बाजूला आमची मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन होती. वडील अंगठेबहाद्दर. राज्य निजामाचं, म्हणून शाळा उर्दूतून झाली. घरी मराठी, पुढं कॉलेजात इंग्रजी. पोलीस ॲक्शन झाली, मुलूख हिंदुस्थानात आला, आणि उर्दू वाचून मराठी लिहिणारा माणूस एकाएकी कामाचा ठरला. सरकारी दवाखान्याचे सगळे कागद उर्दूत होते. ते उतरवून घ्यायला कारकून पाहिजे होता. मी लागलो.

पहिल्या दिवशी मी पदवीचा कागद घेऊन डॉक्टरांपुढं उभा राहिलो. उंच माणूस, खांद्यात थोडा वाकलेला, अंगात काळी शेरवानी. छाती तपासायची नळी शेरवानीच्या खिशातून बाहेर डोकावत असे. सायकलच्या साखळीत अडकू नये म्हणून ते शेरवानीचं टोक कमरेला खोचत आणि मग ते काढायचं विसरत. निम्मा दिवस तसेच वॉर्डात हिंडत. त्यांनी माझा कागद समोरून वाचला, मग उलटून पाठीमागून बघितला.

"मागं काई लिहिलं न्हाई?"

"नाही साहेब. मागं कोरंच असतं."

"बरं हाय. मागचं हितं शिकू."

त्या दिवसापासून मी त्यांचा 'ग्रॅज्युएटसाब' झालो. दहा वर्षांत त्यांनी मला नावानं एकदाही हाक मारली नाही.

मागचं शिकायला फार दिवस लागले नाहीत. एक मेंढरंवाली बाई आली होती. तिचा कागद मी मराठीत केला. डॉक्टरांनी उर्दूत तिचेच शब्द लिहिले होते, जीव घाबरायलाय. मी तर बी.ए. 'घाबरायलाय' हे काही लिहायचं मराठी नव्हे. मी लिहिलं, 'रुग्णास भय वाटते.' तो कागद वर गेला, आणि नव्यानं आलेल्या मोठ्या साहेबांनी त्यावर विचारणा केली की रुग्णास वेड्यांच्या इस्पितळात हलवण्याची आवश्यकता आहे काय. डॉक्टरांनी मला बोलावलं.

"ग्रॅज्युएटसाब, ही बाई लांडग्याच्या मागं काठी घेऊन पळती. हिला भय?"

"मला वाटलं..."

"तुमच्या घरी तुमची माय जीव घाबरायलाय म्हनते, तवा तुमी तिला भूत उतरवायला नेता का लिंबूपानी देता?"

आईला पित्त झालं की ती अगदी हेच म्हणायची. मला ते माहीत होतं. पदवी मिळाल्यावर मी ते विसरलो होतो.

डॉक्टर हैदराबादेत उर्दूतून वैद्यकी शिकले होते. परभणीला आले तेव्हा मराठीचं अक्षर येत नव्हतं. जी मराठी आली ती सगळी खाटेवरच्या माणसांकडून आली. म्हणून त्यांना 'कळ' आणि 'चमक' यांतला फरक ठाऊक होता, 'ठणका' आणि 'आग' यांतला ठाऊक होता. पण 'कृपया' हा शब्द त्यांना माझ्याकडून कळला. पोलीस ॲक्शनच्या दिवसांत त्यांचे पुष्कळ नातलग आणि ओळखीचे परभणी सोडून गेले. हे गेले नाहीत. का गेला नाहीत, असं मी पुढं एकदा विचारलं. "वॉर्डात रोगी व्हते," एवढंच म्हणाले, जणू काही मी दुसरंच काही विचारायला पाहिजे होतं.

सकाळी आठाला ते व्हरांड्यात बसत. रोगी समोर आला की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "एका बोटानं दाखव." बहुतेक लोक सगळा तळवा पोटावर फिरवतात. ते पुन्हा म्हणत, "हात नको. बोट." मग माणूस विचारात पडे, चाचपडे, आणि शेवटी एका ठिकाणी बोट टेकवी. तेवढ्यात अर्धं निदान होत असे. याला कितीही वेळ लागला तरी ते घाई करत नसत. मागं रांग कुरकुरायची. ते ऐकत नसत.

याच व्हरांड्यात त्यांचं पुढाऱ्यांवरचं बोलणं चाले. हा त्यांचा नादच होता. कुणी पत्ते खेळतं, कुणी कबुतरं पाळतं. करामत डॉक्टर पुढाऱ्यांची अक्कल तपासत. त्या वर्षांत सभांना काही तोटा नव्हता. राज्य बदललं होतं, मग निवडणूक आली, मग भाषेवरून प्रांत करायची चळवळ आली. संध्याकाळी मैदानात सभा असली की हे शेरवानी घालून सगळ्यात मागं उभे. टाळ्या नाहीत, मान हलवणं नाही. मी शेजारी. मला भाषणं आवडायची. संस्कृत श्लोक, इंग्रजी वाक्यं, आकडे तोंडपाठ. मी भारावून जायचो. परतताना सायकल हातात धरून ते विचारायचे, "काय ग्रॅज्युएटसाब, कसा वाटला?"

"विद्वान माणूस आहे."

"मालूमात लय हाय. अक्कल कुठं दिसली?"

"एवढं पाठ आहे, म्हणजे अक्कल नाही?"

"आमच्या कंपाउंडरला सगळ्या बाटल्यांची नावं पाठ हायत. त्याला दवा द्यायला लावू का?"

मग ते समजावून सांगत. पुढाऱ्याला दुखणं कुठं आहे विचारा, तो तळवा फिरवतो: देश, समाज, जनता. बोट ठेवणारा क्वचित. भाषण ऐकायचंच नाही, ते तयार होऊन आलेलं असतं. सभेत कुणीतरी अडाणी उठून आडवा सवाल विचारतो, तेव्हा पुढाऱ्याचा चेहरा बघायचा. काहींचा चेहरा दार लावल्यासारखा बंद होतो. काहींचा हसरा होतो, तोही बंदच, फक्त रंग दिलेला. आणि एखाद्याचा उघडतो. सवाल ऐकून त्याला खरंच काहीतरी नवं सापडल्यासारखं होतं. "तसला मी एकदाच बघितला," ते म्हणत. "हैदराबादेत. तो निवडून आला न्हाई."

माझं मत सरळ होतं आणि मी ते बोलून दाखवायचो: कायदेमंडळात ग्रॅज्युएटशिवाय कुणाला उभं राहू देऊ नये. आम्ही मेंढरं राखत शिकलो ते काय अंगठेवाल्यांनी राज्य करावं म्हणून? डॉक्टर हे ऐकून घेत. वाद घालत नसत. "बघू," म्हणत, "अजून रोगी तपासायचा हाय."

एकदा एक उपमंत्री दवाखाना बघायला आले. नाव सांगत नाही. वकील माणूस, बोलणं रेशमासारखं. वॉर्डात एकेका खाटेशी थांबून ते विचारत, "काय बाबा, बरं वाटतं ना? छान." आणि पुढं. शेवटच्या खाटेवर जन्माचा मुका म्हातारा होता. त्यालाही त्यांनी विचारलं, "बरं वाटतं ना? छान, छान." म्हाताऱ्यानं हातवारे करून काहीतरी सांगायला सुरुवात केली तोवर हार घेऊन आलेली मंडळी मध्ये आली.

उपमंत्री गेल्यावर मी खूष होऊन म्हणालो, "साहेब, आज तुमचं म्हणणं पटलं. काही अक्कल नाही."

डॉक्टर माझ्यावर चिडले. मला वाटलं होतं ते हसतील.

"एका भेटीत निदान करायलेत तुमी? त्या मानसानं कुळकायद्यावर बोललेलं मी ऐकलंय. लय बारीक डोकं हाय. वॉर्डात त्याचं ध्यान नव्हतं. ध्यान नसनं एगळं, अक्कल नसनं एगळं. दोन्हीला दवा एगळी."

"मग मुक्याशी बोलत होते ते?"

"तेला कान कमी हाय, असं लिहा. डोकं कमी हाय असं लिहू नका. कागदावर चुकीचं लिहिलं की रोगी मरतो."

तेव्हा मला कळलं की हा माणूस पुढाऱ्यांना नावं ठेवण्यासाठी त्यांच्याकडं बघत नाही. गावात नावं ठेवणारे पुष्कळ होते, मीही त्यातलाच. हा खरोखर शोधत होता, अक्कल कुठं सापडते का. सापडली तर तिला सलाम करायला तयार होता.

ती त्याला सापडली ती अशा जागी की मला तोंड लपवावंसं वाटलं.

झरीकडचे सटवाजीबापू आमच्यासारखेच मेंढरंवाले. मोठा रुमाल, कानात बाळी, खांद्यावर घोंगडं. चार गावांत शब्द चाले म्हणून लोक त्यांना पुढारी म्हणत, आणि सही येत नाही म्हणून मी त्यांच्या नावानं नाक मुरडायचो. अंतर्गळ वाढून ते दवाखान्यात आले. डॉक्टरांनी कापून शिवलं. त्यानंतर बापू खाटेवर पडून वॉर्ड बघत राहिले. बोलत नसत. येणाऱ्या प्रत्येक माणसाकडं, मेंढरांच्या कळपाकडं बघावं तसं बघत. टाके काढायच्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना विचारलं,

"डागदरसाब, एक विचारू का? राग नगा मानू."

"विचारा बापू."

"झरीकडचे रोगी तुमच्याकडं एकाच दिवशी कामून येतेत? बाकी दिवस एखांदा, आन त्या दिवशी झुंडीनं. आजार का दिवस बघून होतो?"

डॉक्टर टाका धरून थांबले. हातातली कात्री तशीच.

"त्या दिवशी परभणीचा बाजार असतो," ते हळूच म्हणाले.

"तेच म्हंतो मी. बैलगाडी बाजाराला निघती, तवा रोगी तिच्यात बसतो. लेकरू आजारी पडतंय कवा, आन तुमच्याकडं येतंय कवा. मधी गाडीची वाट बघायलंय. तवर निम्मं मरून जायलंय." मग जरा थांबून, "तुमी झरीच्या बाजाराला का येत न्हाई? गाडी तर तिथंबी येती."

डॉक्टरांनी टाका काढला, पट्टी बांधली, हात धुतले. मग ते माझ्या टेबलाशी येऊन बसले.

"ग्रॅज्युएटसाब, कागदावर वार लिहिलेला असतो ना?"

"रोजच असतो."

"इतकी वर्सं मी लिहायलोय. तुमी उतरवायलेत. दोघांनीबी वाचला न्हाई. ह्याला वाचता येत न्हाई, ह्यानं वाचला."

त्यानंतर झरीच्या बाजाराच्या दिवशी डॉक्टर औषधाची पेटी सायकलला बांधून जाऊ लागले. धान्याच्या व्यापाऱ्याच्या ओट्यावर बसत. कुणी कौतुक करायला लागलं की सांगत, "ही अक्कल माझी न्हाई, बापूची हाय." मोठ्या साहेबांपुढंही हेच सांगितलं. जिथं स्वतःचं नाव होणार, तिथं दुसऱ्याचं नाव पुढं करताना मी त्यांना इतक्यांदा पाहिलं की मला त्याची सवय व्हायला हवी होती. झाली नाही. दर वेळी मी नव्यानं चकित व्हायचो.

मग छप्पन साली हैदराबाद राज्य मोडलं. तेलुगू तिकडं, कानडी तिकडं, आणि आम्ही मुंबई राज्यात. थोड्याच दिवसांत हुकूम आला: जुन्या नोकरीतल्या लोकांनी मराठीची लेखी-तोंडी परीक्षा द्यावी. दोनदा संधी. नाही झाले पास तर मुदतीआधी निवृत्ती, किंवा आंध्रात जागा असेल तर तिकडं बदली. हैदराबादेत डॉक्टरांचे थोरले भाऊ होते, मोठं घर होतं. भावाची पत्रं यायची, ये म्हणून. डॉक्टर पत्र वाचून घडी घालत. "तिकडं मला कोन वळखतं?" म्हणत.

दुपारी रोगी कमी झाले की मी त्यांना शिकवायला बसे. पहिली अडचण हाताची. आयुष्यभर उजवीकडून डावीकडं लिहिलेला हात. ते 'घर' लिहीत तर आधी र लिहून डावीकडं घ लिहीत, आणि शब्द झाला की वरची रेघ उलटी ओढत. दुसरी अडचण मीच. 'न्हाई' लिहिलं की मी खोडे, 'नाही' लिहा म्हणे. 'हाय' लिहिलं की 'आहे'. 'दुखायलंय' लिहिलं की 'दुखत आहे'.

"पन कुनी म्हनत न्हाई तसं."

"बोलायचं वेगळं, लिहायचं वेगळं, साहेब."

"मग लिहिलेलं कुनाचं असतं?"

मी पुढचं 'न्हाई' खोडलं.

पहिल्या खेपेला ते नापास झाले. दुसऱ्या खेपेसाठी मी चंग बांधला. निबंध हमखास येणार होता, म्हणून दहा विषय लिहून दिले, पाठ करायला. 'लोकनेत्याच्या अंगचे गुण' त्यात होताच. माझं पहिलं वाक्य होतं, 'नेता हा समाजाचा दीपस्तंभ होय.'

"दीपस्तंभ म्हंजे?"

"समुद्रात जहाजांना वाट दाखवणारा उंच दिवा."

"परभनीत समुंदर कुठाय?"

"साहेब, पाठ करा. तुमच्या नोकरीचा सवाल आहे."

त्यांनी पाठ केलं. रोज सकाळी सायकलवरून येताना ते 'दीपस्तंभ होय, दीपस्तंभ होय' पुटपुटत येत. रस्त्यातल्या बाया म्हणायच्या, डागदरसाब नमाज म्हनायलेत.

औरंगाबादला परीक्षा. मी रजा काढून बरोबर गेलो. निबंधाचा विषय तोच आला. बाहेर आले तेव्हा मी धावत जाऊन विचारलं, "लिहिला ना?"

"लिहिला."

"दीपस्तंभ?"

"न्हाई. तो तुमचा व्हता. मी माझा लिहिला."

दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षा. दार उघडं होतं, मी व्हरांड्यातल्या बाकावर. परीक्षक पुण्याकडचे, सडपातळ, स्वच्छ धोतर, जाड चष्मा. त्यांच्यापुढं डॉक्टरांचा पेपर होता. त्यांनी त्यातलं मोठ्यानं वाचलं:

"'हुशार पुढाऱ्याला सवाल आवडतो. बेअक्कल पुढाऱ्याला हार आवडतो. पन हार दोघांच्याबी गळ्यात असतो, म्हनून लोकांची फसगत व्हायलीय.' डॉक्टर, हे 'व्हायलीय' कुठलं क्रियापद?"

"होनं. चालू हाय, असं."

"मग 'होत आहे' असं लिहायला हवं."

"साहेब, रोगी 'दुखतंय' म्हनला तर मी विचारतो, कवा कवा. 'दुखायलंय' म्हनला तर विचारत न्हाई. आत्ता, ह्या घडीला दुखायलंय. दोघांना मी दवा एगळी देतो. 'दुखत आहे' असं म्हननारा रोगी माझ्याकडं अजून आला न्हाई. आला की शिकीन."

परीक्षक हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"यातला विचार माझ्या कुठल्याच परीक्षार्थीनं आजवर लिहिला नाही," ते म्हणाले. "मी आजारी पडलो तर तुमच्याकडे येईन. पण या मराठीला मला पास करता येत नाही."

"बरोबर हाय," डॉक्टर लगेच म्हणाले. "मीबी दया येऊन कुनाला फिट लिहून देत न्हाई."

परतीच्या गाडीत मी जवळजवळ रडकुंडीला आलो होतो. पाठ केलेला निबंध लिहिला असता तर काय बिघडलं असतं, असं मी सगळा रस्ता म्हणत होतो. जालना गेल्यावर त्यांनी तोंड उघडलं.

"दुसऱ्यानं लिहून दिलेलं पाठ म्हनून खुर्ची राखायची. मग मी मैदानात मागं उभा राहून कुनाला काय तपासायचं?"

निकाल अपेक्षेप्रमाणं लागला. दोन्ही संधी संपल्या, निवृत्तीचा हुकूम यायचा तेवढा बाकी होता. मी न विचारता शहरातल्या एका बड्या पुढाऱ्याकडं गेलो. ते म्हणाले, "आपल्या डॉक्टरांसाठी एवढं करणार नाही का? एक चिठ्ठी देतो. मुंबईत माणूस आहे." मी आनंदानं येऊन सांगितलं. डॉक्टर एका लेकराचा कान धूत होते.

"चिठ्ठीनं मला मराठी यील का?"

"नोकरी राहील."

"ज्याची चिठ्ठी न्हाई त्याचं?"

मी म्हणालो, त्याचं त्यानं बघावं. डॉक्टर कान धूत राहिले. नंतर मला कळलं की त्या पुढाऱ्याला त्यांनी निरोप धाडून चिठ्ठी नको म्हणून कळवलं होतं. भावाच्या पत्राला उत्तरही लिहून ठेवलं होतं, येतो म्हणून. ते टपालात मात्र टाकलेलं नव्हतं.

त्याच आठवड्यात सटवाजीबापू आले. आता ते आमदार होते. सही शिकले होते, तेवढीच. घोंगडं तेच. व्हरांड्यात येऊन रांगेतच बसले. आपला नंबर आल्यावर पुढं झाले.

"काय दुखायलंय बापू?"

"मला न्हाई. तुमचं ऐकलं. नापास झाले म्हनं."

"झालो."

"मराठीत."

"मराठीत."

बापू हसायला लागले, डॉक्टरही. दोघं चांगलेच हसले. मग बापूंनी रुमाल काढून मांडीवर ठेवला. मी वाट बघत होतो की आता हेही म्हणतील, मुंबईला सांगतो, काळजी करू नका. त्यांनी रांगेकडं एकदा पाहिलं. मग म्हणाले,

"तुमच्यावानी आनखी किती हायत?"

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मला माहीत नव्हतं.

"मास्तर असतील," बापू म्हणाले. "तहसिलीतले असतील. रस्ते बांधनारे. म्हातारे किती, तरने किती? तरन्यांनी शिकावं की, तेंला काय धाड भरलीय. पन पन्नाशीच्या मानसाची जीभ आता कुठं वळती? हे आदी काढा. मंग मी बोलतो. एकट्यासाठी बोललो तर ते मला एक हाड टाकतील, आन मी गप बसंन."

ते उठले, राम राम करून गेले. डॉक्टरांनी पुढच्या रोग्याला हातानं थांबवलं. त्यांचा तो चेहरा मी तेवढा एकदाच पाहिला. मशिदीतून बाहेर येणाऱ्या माणसाचा असतो तसा.

"ग्रॅज्युएटसाब, बघितलं का? मला बघून त्यानं रोगी विचारला न्हाई. रोग विचारला."

मी तीन महिने पत्रं लिहीत होतो. नांदेडला, बीडला, औरंगाबादला. दवाखाने, शाळा, कचेऱ्या. नावं, वयं, किती वर्षं नोकरी. उत्तरं उर्दूत आली, मोडक्या मराठीत आली, एक तर सगळं तेलुगूत आलं. ती यादी मी स्वच्छ अक्षरात लिहून बापूंच्या हातात दिली. त्यांना ती वाचता येत नव्हती. त्यांनी माझ्याकडून ती दोनदा वाचून घेतली आणि दुसऱ्यांदा मी एक नाव गाळलं तेव्हा मला अडवलं. त्या दिवशी कायदेमंडळात ग्रॅज्युएटच पाहिजेत हे माझं मत गेलं. मी डॉक्टरांना तसं सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

बापूंनी मुंबईत काय केलं ते मला ठाऊक नाही. विचारलं तर म्हणाले, "यादी दिली. काय करायचं व्हतं?" पण पावसाळ्याच्या अखेरीस परिपत्रक आलं: पन्नाशी ओलांडलेल्यांना मराठीच्या परीक्षेतून सूट. मी कागद घेऊन व्हरांड्यात पळालो. डॉक्टरांनी मला रांगेत उभं केलं. माझा नंबर आल्यावर कागद घेतला आणि स्वतः वाचला, अक्षराला अक्षर लावून, बोट फिरवत, डावीकडून उजवीकडं. मग घडी घालून शेरवानीच्या खिशात ठेवला.

"आता ऱ्हायचं," ते म्हणाले. हैदराबादला लिहिलेलं पत्र त्यांनी माझ्यादेखत फाडलं. मग म्हणाले, "परीक्षेचा फार्म आनून द्या."

"साहेब, सूट मिळाली."

"म्हनून तर. आता भीती न्हाई. भीतीत मानूस नीट शिकत न्हाई." आणि मग ते असं बोलले की मी ते अजून विसरलो नाही. "त्या परीक्षकाचं बरोबर व्हतं आन माझं चुकलं. रोग्यासंगट मी रोग्याच्या बोलीत बोलतो. मग परीक्षकासंगट परीक्षकाच्या बोलीत बोलायला पायजे का न्हाई? त्याला न तपासताच दवा दिली मी."

पन्नाशी उलटलेला, नोकरी पक्की झालेला, जिल्हाभर नाव असलेला डॉक्टर हे एका कारकुनाला सांगत होता. मी कितीतरी मोठी माणसं पुढं बघितली. स्वतःची चूक एवढ्या सहज हातात घेऊन, खालीवर करून बघणारं माणूस पुन्हा पाहिलं नाही.

त्यानंतर मला येलदरीला धरणाच्या कचेरीत वरची जागा मिळाली आणि मी परभणी सोडलं. त्यांचा अभ्यास मग दवाखान्यातल्या नव्या नर्सनं घेतला. ते पास झाल्याचं मला बापूंकडून कळलं. पण मला ते आठवतात ते त्याआधीचे.

कचेरीच्या कामानं मी औरंगाबादला गेलो होतो आणि परीक्षेचाच दिवस होता म्हणून मुद्दाम परीक्षेच्या शाळेवरून गेलो. खिडक्या उघड्या होत्या. आत विशीतिशीची पोरं, नव्यानं नोकरीला लागलेली, पेनं चावत बसलेली. त्यांच्यात दुसऱ्या रांगेत काळी शेरवानी, वाकलेली पाठ. मी खिडकीशी उभा राहिलो. त्यांनी मला पाहिलं नाही. वाक्य लिहिलं की ते थांबत, ओठ हलवून स्वतःशी वाचत, एखादा शब्द खोडत आणि त्याच्या डोक्यावर दुसरा लिहीत. अजून बराच वेळ बाकी होता. एकदोन पोरं पेपर देऊन उठली. तेवढ्यात डॉक्टरांनी हात वर केला. सोडून देताहेत की काय, असं वाटलं. देखरेखीवरचे मास्तर त्यांच्याकडं गेले, वाकून ऐकलं आणि टेबलाशी परत येऊन कागदांचा गठ्ठा उचकू लागले.

डॉक्टरांना पुरवणी पाहिजे होती.